अर्धा उगवलेला ट्रे

पक्षाघातानंतर सातव्या आठवड्यात काका आमच्या विभागात आले, तेव्हा त्यांचा उजवा गाल गुळगुळीत होता आणि डाव्या गालावर चार दिवसांचे खुंट होते. दाढी त्यांनी स्वतःच केली होती. ती पूर्ण झाली आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. काकू मागे उभ्या राहून मला हळूच म्हणाल्या, "सांगायला गेलं की चिडतात. म्हणतात, आरशात बघूनच केली ना?"

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठी त्याच्याबरोबर खपणं हे माझं काम. बागकाम मी उपचारात बरीच वर्षं वापरते. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. बागकामाने मन शांत होतं, मोकळी हवा मिळते, हातापायांना व्यायाम होतो, असं नेहमी सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण काकांच्या बाबतीत जे कामी आलं, ते यातलं काहीच नव्हतं. त्यांची आणि काकूंची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्णाची अवस्था

वय 61. सगळी नोकरी हिशेबनीस म्हणून. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी गुठळीने बंद झाली आणि शरीराची डावी बाजू गेली. माझ्याकडे येईपर्यंत पायात बरंच बळ परतलं होतं. काठी आणि एका माणसाचा आधार घेऊन ते वीस-पंचवीस पावलं चालत. डाव्या हाताची बोटं मिटत, पण उघडताना अडत. खांद्याचा सांधा सैल पडून किंचित खाली उतरला होता. डाव्या तळहाताला स्पर्श जेमतेम कळायचा. बोलणं स्वच्छ, स्मरणशक्ती चांगली, तोंडी हिशेब माझ्यापेक्षा झपाट्याने. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या.

खरी अडचण वेगळीच होती. तिला आम्ही निग्लेक्ट म्हणतो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही रुग्णांच्या लेखी डावीकडचं जग उरतच नाही. काकांची नजर तपासून घेतली होती, तिच्यात दोष नव्हता. पण ताटातलं उजवीकडचं संपवून ते उठत आणि डावीकडचं तसंच राहून जाई. वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला घेत आणि बातमीला अर्थ लागत नाही म्हणून वैतागत. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा.

ही गोष्ट डोळ्यांची नसून लक्षाची आहे, हे नातेवाइकांना समजावताना मी इटलीतला एक जुना प्रयोग सांगते. 1978 साली बिसियाक आणि लुझाट्टी या संशोधकांनी निग्लेक्ट असलेल्या रुग्णांना मिलान शहरातल्या कॅथेड्रलसमोरचा, त्यांच्या चांगल्या ओळखीचा चौक मनात आणायला सांगितलं. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा म्हटल्यावर रुग्णांनी मुख्यतः उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलकडे पाठ करून उभे आहात अशी कल्पना करा म्हटल्यावर आधी गाळलेल्या इमारती त्यांना आठवल्या, कारण आता त्या उजवीकडे आल्या होत्या, आणि आधी सांगितलेल्या गळाल्या. चौक तोच आणि माणसंही तीच होती. हा प्रयोग पुढे ट्रेच्या वेळी मला फार उपयोगी पडला, म्हणून इथे थोडा लांबवला.

कागदावर निग्लेक्ट मोजण्याची एक पद्धत म्हणजे चांदण्या खोडणं. कागदभर मोठ्या चांदण्या, अक्षरं आणि शब्द विखुरलेले असतात आणि त्यांच्यात लपलेल्या 54 लहान चांदण्या शोधून खोडायच्या असतात. काकांनी 29 खोडल्या. डावीकडच्या तिसऱ्या हिश्शात एकही रेघ नव्हती. पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "झालं."

त्या "झालं"मध्येच सगळी अडचण होती. आपलं काही राहून गेलंय असं ज्याला वाटतच नाही, त्याच्याकडून दुरुस्ती करवून घ्यायची कशी? सात आठवडे घरातले, नर्स, आम्ही, सगळे त्यांना एकच सांगत होतो, "डावीकडे बघा." सांगितलं की ते बघत. पुढच्या क्षणी लक्ष परत उजवीकडे घसरे. घरात दिवसभर त्यांना कुणी ना कुणी दुरुस्त करत होतं, आणि त्यांना मात्र वाटत होतं की सगळे मिळून उगाच आपल्या मागे लागलेत. झोप कमी झाली होती, बोलणं तुटक झालं होतं. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. मला त्याचीच धास्ती होती.

बागकामाकडे कसे वळलो

दुसऱ्या आठवड्यात काकांनी कागद बाजूला सारला. "चांदण्या खोडून कुणाचं काय भलं होणार आहे?" प्रश्न रास्त होता. मी गच्चीवर रोपं तयार करायच्या कामाबद्दल बोलले. ते म्हणाले, "मला झाडांची आवड नाही. आमच्याकडे ते खातं हिच्याकडे." मी म्हटलं, "आवड नसली तरी चालेल. मला मोजायला माणूस हवाय." हे खरंच होतं. आमच्या गच्चीवर रुग्ण रोपं करतात, पण किती पेरली, किती उगवली याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. या बोलण्यावर ते तयार झाले.

आवड असलेल्यांनाच बागकाम लागू पडतं, असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाही. कामाचा माणसाच्या जुन्या ओळखीशी कुठेतरी सांधा जुळला की पुरतं. काकांचा सांधा आकड्यांशी होता.

आजारी माणसाला मातीत काम द्यावं हा विचार नवा नाही. अमेरिकेतले डॉक्टर बेंजामिन रश यांनी 1812 सालीच नोंदवलं होतं की मनोरुग्णालयातले जे रुग्ण लाकूड फोडणं, बाग खणणं अशी कामं करतात ते पुष्कळदा बरे होतात, आणि ज्यांना त्यांच्या दर्जामुळे असं काम लावलं जात नाही ते तिथेच खितपत पडतात. 1984 साली रॉजर उल्रिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 46 रुग्णांची तुलना केली. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे 8.70 दिवसांत, आणि झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा अभ्यास जिथे तिथे सांगितला जातो. पण काकांची खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती. तिच्याबाहेर झाड होतं, आणि काकांसाठी तिथे भिंतसुद्धा नव्हती. नुसतं बघून ज्याचं भागणार नाही, त्याच्या हाताला काम द्यावं लागतं.

पेरणी

टेबल 72 सेंटिमीटर उंच, खाली गुडघे सहज जातील असं. खुर्चीला दोन्ही हात, पाय जमिनीला टेकलेले. डावा हात टेबलावर उशीवर ठेवलेला, म्हणजे सैल खांद्यावर भार येणार नाही. समोर रोपवाटिकेत वापरतात तसा 50 कपांचा ट्रे, आडवा ठेवला की दहा उभ्या ओळी आणि प्रत्येकीत पाच कप. रुंदी जेमतेम 54 सेंटिमीटर. म्हणजे डावं टोक हाताच्या टप्प्यात होतं. तिथवर जात नव्हतं ते फक्त लक्ष.

बी मुळ्याचं निवडलं. दाणा चिमटीत धरण्याइतका मोठा असतो आणि तीन ते पाच दिवसांत वर येतो. खचलेल्या माणसाला पहिल्यांदा कधीही हळू उगवणारं बी देऊ नये. पंधरा दिवस कोरड्या मातीकडे बघत बसणं धडधाकट माणसालाही जड जातं.

सूचना एकच दिली. प्रत्येक कपात एक बी. "डावीकडे बघा" हे शब्द त्या दिवशी तोंडातून काढायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं, आणि काकूंनाही तसं सांगितलं होतं. काकूंना ते फार जड गेलं. काका मन लावून पेरत होते. उजव्या टोकापासून सुरुवात, बोटाने खळगा, बी, माती सारून हलकी थाप. पाच ओळी पूर्ण झाल्या, सहावीत दोन कप झाले आणि हात थांबला. त्यांनी ट्रेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "झालं." वहीत त्यांनी लिहिलं, "पेरणी पूर्ण." मी काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी उजव्या अर्ध्यात हिरवी गर्दी झाली होती. मुळ्याची पहिली दोन पानं बदामाच्या आकाराची असतात, आणि काही रोपं बियाचं तपकिरी साल डोक्यावर घेऊनच वर आली होती. काकांनी बोटाने एकेक मोजलं. तेवीस. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. विचारलं, "सगळी आली?" म्हणाले, "चार-दोन राहिली असतील. बाकी आली."

मग मी त्यांच्यासमोर ट्रे अर्धा वळसा देऊन फिरवला.

रोपं आता डावीकडे गेली होती आणि उजवीकडे मोकळे कप आले होते. काका ट्रेकडे बघत राहिले. "हा दुसरा ट्रे आहे."

"तोच आहे. तुमच्यासमोर फिरवला."

"मग रोपं कुठे गेली?"

मी त्यांचा उजवा हात धरला आणि ट्रेच्या कडेवरून सावकाश डावीकडे नेला. रिकामे कप एकामागून एक बोटांखालून गेले. मग बोटांच्या टोकांना पानं लागली. नजर बोटांच्या मागून आली, मान वळली, आणि ते एकदम गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही इथेच होती?"

त्यांनी ट्रे स्वतः परत फिरवला. रोपं आली. पुन्हा फिरवला. रोपं गेली. या खेपेला आपणहून मान वळवून त्यांनी ती शोधून काढली. असं तीन-चार वेळा झालं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता आणि त्या तशाच उभ्या होत्या. शेवटी काकांनी वही ओढली, "पेरणी पूर्ण" खोडलं, आणि बाजूला लिहिलं, "27 पेरली. 23 बाकी." थोडा वेळ विचार करून मला म्हणाले, "म्हणजे माझा अर्धा हिशेब लागतच नाहीये."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून आम्ही इतके दिवस धडपडत होतो. चाचणीच्या कागदावर राहिलेली चांदणी दाखवली की रुग्णाला ती तपासनिसाची हुशारी वाटते. ट्रेचं तसं नव्हतं. पेरलं त्यांनी, मोजलं त्यांनी, आणि मधले पाच दिवस कुणी त्यात हात घातला नव्हता. जिथे बी पडलं नाही तिथे उगवलं नाही. त्यात कुणाचा आवाज चढला नव्हता, कुणी बोट दाखवलं नव्हतं. वाद घालायला समोर माणूसच नव्हता.

पाण्याचा घोळ

दुसऱ्या पेरणीपासून ट्रेच्या डाव्या कडेला बोटभर रुंद लाल फीत चिकटवली. नियम असा, की आधी फीत शोधायची आणि मग पहिलं बी पेरायचं. निग्लेक्टवर ही जुनी पद्धत आहे. दुर्लक्षित बाजूला लक्ष अडकवायला एक ठळक खूण द्यायची. दुसरं म्हणजे काकांचा डावा हात उशीवरून काढून ट्रेच्या डाव्या कडेवर ठेवला, आणि दर ओळीनंतर बोटं एकदा मिटायची असं ठरवलं. डाव्या अंगाला डावा हात थोडासाही हलवला तर त्या बाजूचं दुर्लक्ष कमी होतं, हे इयन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात दाखवलं होतं. काकांनी या वेळी 45 कप भरले. उगवणही सगळीकडे झाली.

आणि मग माझी चूक झाली. मला चार दिवस बाहेर जायचं होतं. पेरणी शिकवली होती, पाणी घालायला शिकवलं नव्हतं. झारी काकांच्या हाती देऊन मी गेले.

परत आले तेव्हा ट्रेचा उजवा भाग चिखल झाला होता आणि डावा भाग कपाच्या कडेपासून सुटून भेगाळला होता. उजवीकडची रोपं मातीच्या लगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली होती. यालाच रोपांची मर म्हणतात. मातीतल्या बुरशीला सततची ओल मिळाली की कोवळं खोड बुडातून कुजतं. डावीकडची रोपं तहानेने वाळली होती. काकांनी रोज न चुकता पाणी घातलं होतं, सगळं उजवीकडेच.

त्यांना दिसत होती ती कोलमडलेली रोपं. ते म्हणाले, "माझ्या हाताला गुण नाही." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. काकूंचा फोन आला, की जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

बागकामाचे फायदे सांगताना ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. झाडं मरतात. निरोगी माणूस मेलेलं रोप उपटतो आणि दुसरं लावतो. ज्याचं स्वतःचं शरीर नुकतंच अर्धं साथ सोडून गेलंय, तो त्या रोपात स्वतःला बघतो. काकांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्यांनी औषध सुरू केलं. ते आधीच व्हायला हवं होतं. मुळ्याच्या वेळच्या त्यांच्या पहिल्या हसण्याने मी निर्धास्त झाले होते.

त्यांना परत आणायला धीराचे शब्द कामाला आले नसते. मी काकूंकरवी एक प्रश्न पाठवला. ट्रेला रोज अर्धा लिटर पाणी लागतं, रोज अर्धा लिटरच घातलं गेलं, तरी निम्मी रोपं जास्त पाण्याने गेली आणि निम्मी कमी पाण्याने. चूक कुठे आहे? काकूंनी सांगितलं, की बराच वेळ उत्तर आलं नाही, मग भिंतीकडूनच आवाज आला, "वाटपात."

पुढच्या दिवशी ते आले.

पाणी नीट देण्याचा सोपा उपाय माझ्याकडे होता. ट्रे उथळ पाण्यात ठेवला की माती खालून हवं तेवढं शोषून घेते, आणि डावं-उजवं हा प्रश्नच उरत नाही. घरात ज्यांना फक्त रोपं जगवायची आहेत त्यांनी तसंच करावं. पण इथे तो प्रश्नच आमचा उपचार होता, म्हणून तो काढून टाकायचा नाही असं ठरवलं. झारीऐवजी बूच टोचून भोकं पाडलेली बाटली घेतली. फितीपासून सुरुवात, प्रत्येक ओळ मोठ्याने मोजायची, प्रत्येक ओळीला दोन दाब. "एक, दोन... दहा." दहा आलं की संपलं. दहाच्या आधी उजवी कड आली तर काहीतरी गळलंय. शेवटी उजव्या हाताचं बोट पहिल्या आणि दहाव्या ओळीच्या मातीत एक पेर घालून ओल सारखी आहे का बघायचं. डाव्या बोटांना ओल कळत नव्हती, त्यामुळे उजवा हात शरीराच्या पलीकडे डावीकडे न्यावाच लागे, आणि त्याबरोबर मान आणि धडही वळे. व्यायाम म्हणून हीच हालचाल सांगितली असती तर दहा वेळा करून ते कंटाळले असते.

रोपं उजेडाच्या दिशेने कलतात. खोडाची सावलीतली बाजू जास्त वाढते म्हणून तसं होतं, आणि म्हणूनच ट्रे रोज फिरवावा लागतो. काका हे काम आपणहून करू लागले. एकदा म्हणाले, "यांनाही रोज आठवण करून द्यावी लागते की." पाचव्या आठवड्यात फीत निम्मी अरुंद केली, सातव्यात काढून टाकली.

सांभाळायच्या गोष्टी

कंपोस्टची पिशवी उघडताना आपलं तोंड लांब धरावं आणि माती आधी ओलवून घ्यावी. कोरड्या भुकटीतून बुरशीचे बीजाणू आणि क्वचित न्यूमोनिया करणारे लिजिओनेलाचे जिवाणू श्वासात जातात. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या रुग्णांना मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मातीजवळ नेत नाही. काकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी होती आणि डाव्या हाताला संवेदना जेमतेम होती. काटा रुतला तरी त्यांना कळला नसता आणि रक्त लवकर थांबलं नसतं. त्यामुळे काटेरी झाडं वर्ज्य, डाव्या हातात मोजा, आणि काम संपल्यावर दोन्ही हात डोळ्यांनी तपासणं, डावा आधी. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे वाकून एकदम उठलं की चक्कर येते, म्हणून सगळं काम बसून आणि ऊन चढायच्या आत. धनुर्वाताची लस घेतलेली आहे याची खातरी केली होती.

काय बदललं, काय नाही

नऊ आठवड्यांनी चांदण्या पुन्हा खोडल्या. 29वर होत्या त्या 47 झाल्या. डावा हात कुंडी घट्ट धरून ठेवू लागला, म्हणजे उजव्याने माती भरता येई. बी मात्र डाव्या चिमटीत येत नव्हतं. ताटात अन्न राहणं जवळजवळ थांबलं, कारण काकांनी स्वतःच ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून घेतली होती. ती युक्ती त्यांनी गच्चीवरून घरी नेली, मी सुचवली नव्हती. दाढी झाल्यावर ते दोन्ही गालांवरून तळहात फिरवू लागले. दाराची चौकट अजूनही लागत होती. टेबलावर बसून जे लक्ष डावीकडे जात होतं, ते चालताना, माणसांच्या गडबडीत पुन्हा घसरत होतं. गाडी चालवायची परवानगी त्यांना दिली नाही आणि ती त्यांनी मागितलीही नाही.

यातलं किती बागकामामुळे? प्रामाणिक उत्तर असं, की वेगळं काढता येत नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत मेंदू आपलाआपणही बराच सावरतो. मधेच नैराश्याचं औषध सुरू झालं होतं. फिजिओथेरपी चालूच होती. एका रुग्णावरून नियम सांगता येत नाही. 2011 साली नेदरलँड्समध्ये झालेल्या एका प्रयोगात ताणाच्या कामानंतर अर्धा तास बागकाम करणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाचन करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं होतं, पण तो 30 जणांवरचा प्रयोग होता आणि ते सगळे आधीपासून बागकाम करणारे होते. मातीतल्या एका जिवाणूमुळे माणूस आनंदी होतो असे निरोप मला अधूनमधून येतात. 2007 सालचं ते गाजलेलं काम उंदरांवरचं आहे. रुग्णाला मी ते सांगत नाही. ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याच्या हाती अर्धवट आशा ठेवणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. आपलं काही राहून जातंय हे काकांना ज्या दिवशी कळलं, तो दिवस ट्रे फिरवल्याचा होता. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ते आम्हाला खोटं ठरवत होते आणि त्यानंतर ते स्वतः शोधायला लागले. आधी सात आठवडे सांगून जे झालं नव्हतं, ते पाच दिवस गप्प राहून झालं.

आणखी एक फायदा मी आखलेला नव्हता. काका ट्रेपाशी असत तो अर्धा तास काकूंना कुणी हाक मारत नसे. पहिले काही दिवस त्या उभ्याच असायच्या. पुढे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू लागल्या, आणि एक दिवस तिथेच गाढ झोपल्या. काकांनी मला खुणेने आवाज करू नका म्हणून सांगितलं. खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला होती.

पुढच्या रुग्णापासून मी तीन गोष्टी बदलल्या. पेरणीच्या आधी पाणी शिकवते. एकाऐवजी दोन ट्रे लावते, म्हणजे एक गेला तर हात रिकामे होत नाहीत. आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, की यातली काही रोपं मरणार आहेत आणि ती तुमच्यामुळेच मरतील असं नाही.

शेवटच्या आठवड्यात काकांनी झेंडू पेरला. फीत नाही, मोजणी मनातल्या मनात. बी पेरताना मी मुद्दाम दूर उभी राहिले. सातव्या दिवशी त्यांनी वही पुढे केली. पेरली 50, उगवली 46. खाली त्यांनी ट्रेचा आराखडा काढला होता आणि न उगवलेल्या चार कपांवर फुल्या मारल्या होत्या. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

त्या फुल्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे बियाण्याचं आहे. माझं नाही."